डिप्लोमा, बीई आणि एमटेक यांच्या पगारात किती फरक पडतो? कोणत्या शाखेला जास्त पैसे मिळतात?

दहावी झालेल्या मुलाला डिप्लोमाला घालावं की बारावी करून बीईला, आणि शाखा कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीतल्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय आणि साचे बनतात त्या विभागात, सुरुवात केली, आता चाकणला आहे. या प्रश्नाखाली "डिप्लोमाला कोण विचारतं" छापाची उत्तरं वाचली आणि राहवलं नाही.

सुरुवातीच्या पगारातला फरक लोक सांगतात तेवढा मोठा नसतो. 2019 च्या अप्रेंटिस नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये ठरवले होते. फरक हजार रुपयांचा. केंद्राच्या जेई (कनिष्ठ अभियंता) परीक्षेला दोघंही बसतात आणि निवड झाली की मूळ वेतन दोघांनाही 35,400. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंत्याचं मूळ वेतन 38,600 पासून सुरू होतं, तिथंही दोघांना सारखंच.

फरक पडतो तो खाजगी कंपनीत, आणि तोही ग्रेडमुळे. हे मी भोगलंय.

माझ्या आधीच्या कंपनीत एका ट्रकच्या इंजिनाचा ऑईल संप, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, यायचा. खोल ड्रॉचा पार्ट, म्हणजे सपाट पत्रा प्रेसवर डायमध्ये ओढून खोल आकार द्यायचा. एका कोपऱ्याला सारखा तडा जायचा. पत्रा दाबून धरणाऱ्या कुशनचं प्रेशर कमी केलं की बाजूला सुरकुत्या, वाढवलं की पुन्हा तडा. वर मीटिंगमध्ये जवळपास ठरलंच होतं की महागातला पत्रा मागवायचा. मी फुटलेले पीस ओळीनं मांडले आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तडा सुरू व्हायचा त्याच जागी उभे ओरखडे लागत होते, बाकी तिन्ही कोपरे गुळगुळीत. म्हणजे पत्र्याचा दोष नव्हता, डाय पत्र्याला धरत होती, सरकू देत नव्हती. कोपऱ्याची गोलाई मोजायचा रेडियस गेज लावला तर खालून उजेड दिसला. आधीच्या दुरुस्तीत तिथं वेल्डिंग भरून ग्राइंड केलं होतं आणि रेडियस ड्रॉइंगपेक्षा लहान राहिला होता. तो नीट काढला, ऑईल स्टोननं पत्रा सरकतो त्या दिशेनं पॉलिश केला, निळा रंग (ब्लू) लावून डायचे दोन्ही भाग नीट टेकतात का ते बघितलं. सकाळच्या शिफ्टला पीस ओके निघाले. जुनाच पत्रा चालला.

त्या एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं वाटली. माझ्या हाताखाली शिकलेला बीईचा ट्रेनी असिस्टंट मॅनेजर झाला. मला इन्क्रिमेंट बरं दिलं, पण ग्रेड तीच. एचआरचं म्हणणं, "पुढच्या ग्रेडला बीई लागतं, सिस्टीम घेत नाही." त्या मुलाचा काही दोष नाही, हुशार होता, आजही फोन करतो. पण कंपनीचे पैसे कोणी वाचवले हे सगळ्या शॉपला माहीत होतं.

आमचे दाजी बीई आहेत. माझ्या लग्नाच्या बोलणीत ते चारचौघांत म्हणाले होते, "पोरगा मेहनती आहे, पण डिप्लोमावाला शेवटी सुपरवायझरच राहणार." ते पत्र आल्यावर घरात पुन्हा तोच विषय निघाला. मी काही महिन्यांत नोकरी बदलली. नव्या ठिकाणी मालकांनी सर्टिफिकेटं नंतर बघितली. आधी टेबलावर एक फुटका पार्ट ठेवला आणि विचारलं, "हा का फुटला असेल?" अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. पगार दीडपट झाला. दाजी अजून याला नशीब म्हणतात. नशीब कसलं? नवी डाय ट्रायआउटला, म्हणजे चाचणीला, लावून चांगले पीस काढून देणारा माणूस या पट्ट्यात शोधून सापडत नाही, म्हणून त्याला पैसे मिळतात. मेकॅनिकलमध्ये पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा चांगल्या मोल्ड (साचा) डिझायनरचा पगार विचारून बघावा.

आता शाखांचं. कॉम्प्युटरला वरचे आकडे सगळ्यात मोठे आहेत हे मान्य. पण मोठ्या आयटी कंपन्या घाऊक भरती करतात तिथं फ्रेशरचा आकडा दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय, आणि त्या भरतीत मेकॅनिकल-सिव्हिलची मुलंही घेतात. सिव्हिलला साइटवर सुरुवात कमी पगारात होते, सरकारी नोकरी लागली तर चित्र वेगळं. एमटेक सरसकट करू नये. चिप डिझाईन आणि स्ट्रक्चरल डिझाईन या दोन ठिकाणी त्याचे पैसे मिळतात. बाकी शॉपफ्लोअरवर एमटेकला वेगळा भाव मी तरी पाहिला नाही. गेट या प्रवेश परीक्षेतून एमटेकला प्रवेश मिळाला तर महिना 12,400 स्टायपेंड असतो, तो धरून हिशोब करा.

माझ्या मते मुलाला हातानं काम करायची आवड असेल तर बिनधास्त डिप्लोमाला घाला. बीई नंतरही होतं. डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही. तीन अधिक तीन म्हणजे सहा वर्षं, आणि बारावीच्या वाटेनं दोन अधिक चार, तीही सहाच.

काही गोष्टी मात्र नुसत्या डिप्लोमावर बंद आहेत. गेट देता येत नाही, त्यामुळे सरकारी कंपन्यांतली गेटमधून होणारी भरती गेली. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला पदवी लागते, तिथं मूळ वेतन गट-ब ला 41,800 आणि गट-अ ला 56,100 पासून आहे. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसालाही पदवी किंवा तिच्या तोडीचं काहीतरी दाखवावं लागतं. आणि नोकरी करताना पदवी घ्यायची झाली तर जाहिरात बघून पैसे भरू नका. अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये टाच आणली आणि खूप जणांचं नुकसान झालं. कॉलेजला नोकरदारांच्या बॅचसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) परवानगी आहे का, ते आधी बघा.