रॉकेट किटमधला शॉक कॉर्ड सारखा निघून येतो, नीट कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की मॉडेल रॉकेटच्या नळीत कागदाच्या घडीनं चिकटवलेला शॉक कॉर्ड, म्हणजे नळी आन नोज कोन (रॉकेटचं टोक) यांना जोडून ठेवणारा दोरा, दुसऱ्याच उडाणाला निघून आला. माझंबी सेम झालतं. लातूरजवळ सोयाबीन काढलेल्या रानात उडवलं, वर गेल्यावर फट्कन आवाज झाला, नळी पडली ढेकळांत आन नोज कोन पॅराशूटसकट गेला शेजारच्या तुरीत, तूर डोक्याएवढी, दोन तास हुडकलो तरी सापडला नाही.

घरी येऊन नळीत बोट घातलं तर जिथं कागद होता तिथं नुसता वाळलेल्या फेव्हिकॉलचा गुळगुळीत थर, म्हणजे नळीनं तो धरलाच नव्हता. म्हणून आधी बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून ती जागा आतून खरखरीत करा. घडीच्या प्रत्येक थरात फेव्हिकॉल लावा, चिमट्यात दाबून ठेवा आन ओली असतानाच नळीच्या गोलाईसारखी वाकवून घ्या. नोज कोनचा जो भाग नळीत बसतो त्याच्याही खाली निदान एक इंच घडी गेली पाहिजे, नाहीतर कोन अडतो किंवा पॅराशूट अडकतं. रात्रभर वाळू द्या, घाई करू नका.

पण पुढचं किट घ्याल तेव्हा कागदाच्या भानगडीत पडूच नका. इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा भाग) नळीत चिकटवायच्या आधीच त्याला केवलरचा दोरा बांधायचा, माउंटच्या पुढच्या रिंगला बारीक खाच पाडून त्यातून वर काढायचा, गाठीवर डिंकाचा थेंब. नायलॉन नको, इजेक्शनच्या (पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटाच्या) गरम गॅसनं वितळतो, केवलर वितळत नाही. मात्र केवलर ताणत नाही, म्हणून त्याचं टोक नळीच्या तोंडाच्या इंचभर आतच राहू द्या, बाहेर आलं तर झटक्यात नळी उभी चिरत जाते, त्याला झिपर म्हणतात. पुढं इलास्टिक जोडा. सगळं मिळून नळीच्या दुप्पट तरी लांब पाहिजे, मी तर तिप्पटच ठेवतो, आखूड राहिलं की कोन उलटा येऊन नळीच्या तोंडावर आपटतो आन तिथं खड्डा पडतो.

इंजिनचा नंबरबी बघा. सी६-५ मधला ५ म्हणजे जळण संपल्यावर पाच सेकंदांनी इजेक्शन. रॉकेट जोरात असतानाच ते झालं तर कितीबी चांगला जोड लावा, ताण येणारच.

आन इलास्टिक जपा, आपल्याकडचं ऊन त्याला लय वाईट. मी पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं मे महिन्यात काढून ताणलं तर रबराला बारीक बारीक चिरा दिसल्या. आता दर सीझनला टेलरिंग मटेरियलच्या दुकानातून चपटं इलास्टिक आणतो, अन उडवायच्या आधी नोज कोन धरून दोन हिसके देऊन बघतो, इंजिनकडचा केवलर काळा पडून तुटायला आलाय का तेबी बॅटरी लावून बघतो.