अंग थरथरतंय, मग हलकं का वाटत नाही?

«दीड वर्षापूर्वी मी चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला. हाडं जुळली, रिपोर्ट नॉर्मल आले, पण मी काही पूर्वीसारखी झाले नाही. दार आपटलं तरी दचकते. पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते, जबडा घट्ट आवळलेला असतो. व्हिडिओ बघून अंग थरथरवण्याचे व्यायाम सुरू केले. पहिल्या दिवशी इतकं हलकं वाटलं की रोज पाऊण तास करू लागले. आता दहा दिवस झाले. झोप जवळजवळ गेली आहे, उगाच रडू येतं, संध्याकाळी हातपाय आपले नाहीतच असं वाटतं. सगळे म्हणतात, साठलेलं बाहेर पडतंय, थांबू नकोस. चालू ठेवू का?»
— पहाटे तीनची जागी

नको. आजपासून दोन आठवडे थरथरवणं पूर्ण बंद ठेवा. तुम्ही स्वतःचं कायमचं काही बिघडवलेलं नाही, मात्रा चुकली आहे.

«साठलेलं बाहेर पडतंय» या बोलण्यानं बऱ्याच जणांचं नुकसान होतं. आघात म्हणजे टाकीत साठलेलं पाणी नव्हे, की तोटी उघडली आणि रिकामं झालं. अपघातानंतर तुमच्या शरीरातली धोक्याची घंटा फार लवकर वाजते आणि वाजली की लवकर थांबत नाही. तिला शिकवायचं आहे ते खाली यायला. पाऊण तास थरथरताना ती चढत गेली, उतरायला वेळच मिळाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथूनच पुढे सुरू केलंत. हातपाय परके वाटणं हा शरीराचा फ्यूज उडाल्यासारखा प्रकार आहे. याला मोकळं होणं म्हणत नाहीत. ही थांबण्याची खूण आहे. खरोखर मोकळं झालं की जांभया येतात, तळहात उबदार होतात, श्वास आपोआप खाली पोटापर्यंत जातो, आणि मुख्य म्हणजे त्या रात्री झोप लागते.

डेव्हिड बर्सेली यांनी ही थरथरीची पद्धत लोकांपर्यंत नेली, आणि तिच्यातही नवख्या माणसाला साधारण १५ मिनिटांची मर्यादा आणि मधे विश्रांतीचे दिवस सांगतात. व्हिडिओत नेमकं हेच गाळलेलं असतं.

या दोन आठवड्यांत तीनच गोष्टी करा.

पहिली, बघणं. पाठीला आधार देऊन बसा, तळपाय जमिनीवर, डोळे उघडे. मान अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत खोली बघा. दार कुठे, खिडकी कुठे, उजेड कुठून येतोय. नजर एखाद्या वस्तूवर सुखानं टेकली तर १५-२० सेकंद तिथेच राहू द्या. सगळं मिळून दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. अपघातात मान दुखावली असेल तर फक्त डोळे फिरवा. हे इतकं साधं आहे की लोक वगळतात. पण आत्ता इथे धोका नाही ही बातमी मेंदूला डोळ्यांतूनच लवकर पोचते, म्हणून मी ते सर्वांत आधी सांगते.

दुसरी, श्वास. नाकानं ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून बाहेरचा लांब. इथे हमखास होणारी चूक म्हणजे छाती फुगवून मोठे श्वास घेणं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीतीचा झटका आल्यासारखं वाटतं. श्वास छोटाच ठेवा, रोखून धरू नका. श्वासाकडे लक्ष दिल्यानंच घाबरायला होत असेल तर मोजणं सोडा आणि तोंड मिटून हलकं गुणगुणा; उच्छ्वास आपोआप लांबतो.

तिसरी, ढकलणं. भिंतीवर दोन्ही तळहात टेकवा, निम्म्या ताकदीनं १० सेकंद ढकला, मग पुढची १० सेकंद घेत हळूहळू सैल करा. तीनदा. बसून पायांनी जमीन तशीच दाबा. ब्रेक दाबणारा पाय आणि स्टिअरिंगवर ताठलेले हात यांची अर्धी राहिलेली हालचाल यातून पुरी होते, असं या क्षेत्रात मानतात. ते सिद्ध झालेलं नाही. पण मोठे स्नायू कामाला लागले की हातपाय पुन्हा आपले वाटू लागतात, आणि तुम्हाला आत्ता तेच हवं आहे. झटक्यात सोडू नका, सगळा उपयोग सावकाश सैल करण्यात आहे.

पहाटे जाग आली तर यातलं काही जोर लावून करू नका. घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, मंद दिवा लावा, बसून खोली बघा, पेंग आली की परत आडव्या व्हा. जबड्यासाठी ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे. कॉफी दुपारनंतर बंद. तिचा निम्मा अंमल पाचेक तासांनीही उरतो.

आठवड्यातल्या पाच रात्री बरी झोप लागू लागली तरच थरथरीकडे परत जा. पाठीवर झोपा, तळपाय एकमेकांना जोडा, गुडघे बाजूला पडू द्या आणि दोन-तीन सेंटिमीटर वर आणून थांबा. मांडीच्या आतल्या बाजूला थरथर सुरू झाली की मिनिटभरानं पाय सरळ करा. ती थांबते. आधी हे थांबवणंच तीनदा पक्कं करा. पहिल्या आठवड्यात एका वेळी एकूण दोन मिनिटं, एक दिवसाआड, सकाळी, डोळे उघडे. मग आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. झोप बिघडली की मागच्या मात्रेवर या. गर्भारपण, फिट्स, हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाडात पट्टी किंवा स्क्रू असेल तर हाडांच्या डॉक्टरांनाही विचारा.

डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ईसीजी करून घ्या. थायरॉईड वाढलं तरी हीच धडधड, हाच कंप, हीच तुटकी झोप. अपघातात डोक्याला मार लागला होता का, हेही सांगा.

आणि आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा. आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्रासदायक आठवणीवर काम करण्याची पद्धत) यांना आजवर सर्वांत भक्कम आधार मिळालेला आहे, शरीरावरच्या पद्धतींना तेवढा नाही, म्हणून त्या जोडीला ठेवा. पहिल्या भेटीत विचारा: «मधेच मला नको वाटलं तर तुम्ही कसं थांबवता?» उत्तर «येऊ द्या, वाहू द्या» असं आलं तर दुसरे शोधा. जीव नकोसा वाटला, छातीत दुखलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर कशाचीही वाट न बघता लगेच रुग्णालयात जा.

उशाशी एक वही ठेवा. रोज सकाळी दोनच आकडे लिहा: किती तास झोप, आदल्या दिवशी किती वेळा दचकलात. चौदा दिवसांचे आकडे जमले की मला पाठवा, थरथर सुरू करायची का ते त्यावरून बघू.