त्याच पुलावर परत जा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आठ वर्षांचे फोटो उघडून बसलीस आणि रात्री मला विचारलंस, "काका, यात माझं असं काहीच नाही, सगळं पुसून टाकू का?" सगळे पाहिले मी. स्पितीचं आकाश, काशीचे घाट, हंपीचा दगडी रथ. फोकस चोख, प्रकाश चोख. पण एकाही जागी तू दुसऱ्यांदा गेलेली नाहीस. मग तुझं त्यात काय उमटणार? परत जा. एक जागा धर आणि तिथेच परत जा.

माझी जागा मुंबईतला, लोअर परळचा डिलाईल रोडचा पूल. आधी हातात क्लिक थ्री कॅमेरा होता, रोलमध्ये बारा फोटो. पुढे यशिका आला आणि पूर्व जर्मनीचा ओर्वो रोल. सुट्टीच्या दिवशी पुलावर उभं राहायचं आणि कापड गिरण्यांच्या चिमण्या टिपायच्या. क्लबातली मंडळी म्हणायची, तुमच्या कामात विविधता नाही. स्पर्धेत माझा एकही फोटो लागला नाही. स्पर्धा सोडल्या, पूल नाही सोडला.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माझ्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकत्र छापलेले कागद, ओळीने मांडल्या की ते वर्ष तारीख न वाचताही ओळखता येतं, कारण चिमण्यांवर धूर नाही. त्यातला एक फोटो सुटा दाखवला तर तू म्हणशील, मोकळं आकाश, त्यात काय एवढं! शेजारी आदल्या वर्षीचा, त्याच कठड्यावरून काढलेला ठेव, मग बघ. पुढे चिमण्या एकेक करून गेल्या, मधे काचेच्या इमारती आल्या. शेवटी तो पूलही 2018 मध्ये बंद करून पाडला. नवा पुरता खुला व्हायला 2023 उजाडलं. नव्यावरही जातो मी.

एक रुखरुख आहे. साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, जाऊन फोटो काढायचे होते, फाटकातून कधी आत सोडलं नाही. पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं तेवढी मिळाली. साचे भंगारात निघाले तेव्हाही मी रस्त्यावरच उभा होतो. पण बाहेरून काढलेल्या त्याच गर्दीत आज कामगारांची नातवंडं आपले आजोबा शोधायला माझ्या घरी येतात. त्या विविधतेच्या मागे लागलो असतो तर कोण आलं असतं?

आणि तू! तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार, घरं रिकामी करायची तारीखही ठरली म्हणतेस, आणि तिच्या जिन्याचा एकही फोटो नाही तुझ्याकडे? हंपीचा रथ कुठे जात नाही, बाई. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला जाईल. सकाळी उतरताना काढ, संध्याकाळी चढताना काढ, पाऊस पडत असताना काढ. त्याच पायरीवर उभी राहा, लेन्स बदलू नकोस, तारीख लिहून ठेव. कंटाळा येईल. आला तरी परत जा.

पुसायचं काहीही नाही. हार्ड डिस्कची आणखी एक प्रत काढून माझ्याकडे आणून दे. कॅमेरा विकायचाच असेल तर विक, जिन्याला मोबाइल पुरतो. मात्र या रविवारपासून सुरुवात झाली पाहिजे.

तुझा,
काका