ग्राफीनच्या कंपनांचं गणित करताना जाडी किती धरायची?

तुम्ही विचारलंय की ग्राफीन, म्हणजे कार्बन अणूंचा पत्रा, एकाच अणूच्या जाडीचं असताना त्याच्या कंपनांना सलग माध्यमाचा (अणू न मोजता पदार्थ अखंड मानणारा) स्थितिस्थापकतेचा सिद्धांत चालतो का, आणि चालत असेल तर सूत्रात जाडी किती घालायची.

चालतो, उत्तम चालतो. जाडी मात्र घालायचीच नाही. मी अंबाजोगाईला पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पात या जाडीपाशी माझे दोन महिने गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्राफाइटच्या दोन थरांमधलं अंतर 0.335 नॅनोमीटर. तीच जाडी धरली की यंगचा गुणांक (पदार्थ ताणायला किती विरोध करतो त्याचं माप) 1 टेरापास्कल येतो. हे दोन आकडे पत्र्याच्या वाकण्याच्या सूत्रात घाला. वाकण्याची दृढता सुमारे 20 इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघते. खरी आहे दीडच्या आसपास. पत्रा वाकला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, यावर ते सूत्र उभं आहे. एकाच अणूच्या थराला आत कुठली आणि बाहेर कुठली? तिथे बंधांमधले कोन बदलतात, शेजारच्या अणूंच्या π (पाय) कक्षकांची, म्हणजे थराच्या वर-खाली पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांची, मांडणी कलते, आणि विरोध होतो तो त्यातून. दोन्ही आकडे एकदम जुळवायला 1996 साली नॅनोनळ्यांसाठी (गुंडाळलेल्या ग्राफीनच्या नळ्यांसाठी) जाडी 0.066 नॅनोमीटर आणि यंगचा गुणांक 5.5 टेरापास्कल धरला गेला. गणित जुळतं, पण अणूहून बारीक अशी जाडी मला पटत नाही.

त्यापेक्षा ताणण्याची दृढता (340 न्यूटन प्रति मीटर) आणि वाकण्याची दृढता (दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट) या दोन स्वतंत्र राशी माना. वस्तुमान 0.76 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. बस.

आता खरी गंमत. आमच्याकडे हलगी वाजवायच्या आधी पळाट्यांच्या जाळावर शेकतात. कातड्यातला ओलावा जातो, ताण वाढतो आणि आवाज चढतो. कातडं तेच, त्याची जाडीही जवळजवळ तीच. बदलतो तो ताण. ग्राफीनचा पडदाही असाच. 1 मायक्रोमीटर त्रिज्येचा, काठाला घट्ट धरलेला गोल पडदा घ्या. फक्त वाकण्याचा विरोध धरला तर पहिली वारंवारता 1 मेगाहर्ट्झच्याही खाली येते. त्यात 0.1 न्यूटन प्रति मीटर एवढा ताण घातला की ती 140 मेगाहर्ट्झच्या जवळ जाते. म्हणजे वाकण्याची दृढता इथे जवळपास सोडून देता येते. काठाशी दीड-दोन नॅनोमीटरच्या पट्टीतच तिचं काही चालतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने 2010 मध्ये टांगलेल्या ग्राफीनची वारंवारता थंड करत करत मोजली. थंडीत ती चढली, हलगीच्या अगदी उलट, कारण धरून ठेवणारं सोनं आकसतं आणि ग्राफीन ओढलं जातं. ग्राफीन स्वतः मात्र थंडीत किंचित पसरतं. सोन्यामुळे वारंवारता जेवढी चढायला हवी होती तेवढी चढली नाही, आणि त्या फरकातून त्यांनी ग्राफीनचा प्रसरणांक, म्हणजे तापमानाबरोबर ते किती पसरतं-आकसतं त्याचं माप, काढला. साध्या पडद्याच्या सूत्रातून एवढं हाती येतं, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

सिद्धांत कुठे थांबतो? कार्बन-कार्बन बंध 0.142 नॅनोमीटरचा. तरंगलांबी त्याच्या काही पटींवर उतरली की अणू मोजूनच गणित करावं लागतं. मायक्रोमीटरच्या पडद्यात एका तरंगात हजारो बंध बसतात, तेव्हा तुम्हाला ती काळजी नाही.

तुमच्या प्रकल्पासाठी एक सांगतो. ताण आधीपासून माहीत आहे असं धरू नका. मोजलेल्या पहिल्या वारंवारतेवरून तो काढा. मग दुसरी वारंवारता पहिलीच्या 1.59 पट आणि तिसरी 2.14 पट येते का ते तपासा. दुसरीच्या जागी जवळजवळची दोन शिखरं दिसली, तर पडदा सगळीकडे सारखा ताणलेला नाही किंवा भोक पुरतं गोल नाही. मग आकडे इथे टाका, बसून बघू.