बाबांनी विचारलेला डबा

ताई, मी २१ वर्षांची, नागपूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. उंची ५ फूट १०. राज्याकडून सीनियर नॅशनल खेळले आहे. बास्केटबॉलमध्येच करिअर करायचं हे नववीपासून ठरलंय. आता रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या जाहिरातीची वाट बघतेय. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांचं रोज एकच, 'मुलींच्या बास्केटबॉलला कोण पैसे देतं? बँकेच्या परीक्षा दे.' प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतात. एवढ्या रात्री कुठून आलीस, शूजला सात हजार कशाला! परवा तर म्हणाले, तो प्रोटीनचा डबा आणून दाखव. डबा जिममध्येच असतो, दादा मला आठवड्याचं पिशवीत भरून देतात, तर दाखवणार काय? दादा म्हणजे आमचे ट्रेनर. माझ्यावर विश्वास असलेले ते एकटेच. कोच सर सारखं म्हणायचे की पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, तुला कोणीही ढकलतं, तर दादांनी दोन महिन्यांत मला ६२ची ६७ किलो केलं. सोमवारी त्यांना फक्त सातशे रुपये पाठवते. आई मधे पडत नाही. बाबांना कसं समजावू? की सरळ मैत्रिणीच्या रूमवर राहायला जाऊ?
— रिबाउंडवाली

रिबाउंडवाली,

अख्खं पत्र बाबांवर आणि डब्यावर जेमतेम दीड ओळ. मी ती दीड ओळच धरून बसणार आहे. बाबांना कसं समजवायचं ते मागाहून. आधी सांग, डबा कुठं आहे?

जिममध्ये, म्हणजे तुझ्याकडे नाही. त्यावरचं नाव तू वाचलेलं नाहीस, घटकांची यादी वाचलेली नाहीस, बॅच नंबर तर लांबच. दोन महिने रोज तू पोटात काय ढकलते आहेस ते फक्त दादांना माहीत आहे. तेही त्यांना माहीत असलं तर. जन्मभर ऑइलच्या कॅनचं सील बघितल्याशिवाय झाकण न उघडलेल्या माणसानं पोरीला 'डबा दाखव' म्हटलं आणि तुला ती कटकट वाटली. तुझ्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच आहे, बाई.

आता पाच किलोंचं बघू. पोटभर खाऊन, आठ तास झोपून, नेमानं वजनं उचलून सरावातल्या मुलीच्या अंगावर महिन्याला अर्धा-पाऊण किलो स्नायू चढला तरी चांगला ट्रेनर खूश होतो. क्रिएटिन चालू केलं तर सुरुवातीला किलो-दोन किलो पाणी साठतं. ते खेळांत बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत नाही आणि रोजचे ३ ते ५ ग्रॅम पुरतात. हे सगळं धरूनही तुझे पाच किलो पुरे पडत नाहीत. कदाचित पिशवीत स्वस्तातला मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर असेल, बरीचशी माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पिष्टमय भुकटी, आणि वाढलेली निव्वळ चरबी असेल. तसं निघालं तर मला आनंदच होईल. पण पावडरीत मिथँडिएनोन किंवा स्टॅनोझोलॉलसारखं स्टेरॉइड कुटून घातलं असेल, तरी दुधात ढवळल्यावर चव तीच लागते.

म्हणून आधी अंगाकडे बघ. आवाज घोगरा झालाय का? पाठीवर, खांद्यावर पुरळ? हनुवटीवर राठ केस? पाळी लांबली की चुकली? यातलं एक जरी 'हो' असेल तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि 'ट्रेनरनं दिलेली निनावी पावडर दोन महिने घेतेय' असं पहिल्याच वाक्यात सांग. पाळी चुकायला इतरही कारणं असतात, खाण्यापेक्षा सराव जास्त होणं हे खेळाडू मुलींत नेहमीचं. ते डॉक्टर बघतील. पण स्टेरॉइडनं जाड झालेला बाईचा आवाज बहुतेकदा परत येत नाही, म्हणून इथे वाट बघायची नसते.

'हे डोपिंग वगैरे वेटलिफ्टर आणि कुस्तीवाल्यांचं, आमच्यात कोण तपासतं?' हे नागपूरपासून मुंबईच्या नागपाड्यापर्यंत कुठल्याही कोर्टवर ऐकू येईल. सतनामसिंग भमराचं नाव तुला मी सांगायला नको. पंजाबातल्या खेड्यातून लुधियानाच्या अकादमीत आला, २०१५ साली अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये साउथ एशियन गेम्सच्या शिबिरात त्याची लघवी तपासली आणि बंदी असलेलं हायजेनामिन सापडलं. दोन वर्षांची बंदी लागली. पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत गेला. हायजेनामिन हे काही काळ्या बाजारातलं इंजेक्शन नव्हे. काही वनस्पतींमध्ये ते मुळातच असतं, कमळातसुद्धा, आणि ताकदीच्या नि वजन उतरवायच्या पावडरींच्या लेबलवर ते 'नॉरकोक्लॉरीन' असल्या दुसऱ्याच नावानं बसलेलं असतं. लेबल समोर असून माणूस फसतो. तुझ्यासमोर तर लेबलच नाही.

नियम सोपा आणि निर्दय आहे. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तू जबाबदार. कोणी दिलं, का दिलं, विश्वास किती होता, हे सगळं शिक्षा किती द्यायची त्या टप्प्यावर येतं. स्टेरॉइड सापडलं तर सुरुवातच चार वर्षांपासून होते, आणि जाणूनबुजून घेतलं नाही हे तू सिद्ध करायचं असतं. कशानं सिद्ध करणार? दूषित सप्लिमेंटचा बचाव करायचा तर उघडलेला डबा लागतो, त्याच बॅचचा सीलबंद डबा लागतो, बिल लागतं. तुझ्याकडे झिपची पिशवी आहे.

नमुना देताना जो फॉर्म भरतात, त्यात मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहायची असतात. बाटल्या दोन, ए आणि बी, किमान ९० मिलिलीटर, आणि नमुना देताना समोर एक बाई उभी. त्या रकान्यात तू काय लिहिणार? 'दादांची पावडर'?

आता हे तुझ्या रेल्वेशी जोडून बघ, कारण तुझं करिअर तिथंच आहे. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला महिन्याच्या महिन्याला पगार देते ती खात्याची नोकरी, खासगी लीग येतात आणि जातात. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या जाहिरातीत वय १८ ते २५, सवलत नाही. शंभरपैकी ४० गुण ट्रायलचे, ५० खेळातल्या कामगिरीचे, १० शिक्षणाचे. ट्रायलच्या चाळिसात २५ मिळाले नाहीत तर पुढचं काही बघतच नाहीत. आणि कामगिरी धरतात ती चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली. आता हिशेब कर. आज २१ आणि चार वर्षांची बंदी, म्हणजे २५. दोन वर्षांची लागली तरी २३व्या वर्षी बाहेर येशील आणि दाखवायला अलीकडचं जवळजवळ काहीच नसेल, ५० गुणांचा रकाना जवळपास कोरा. बंदीच्या काळात संघाबरोबर सरावालाही उभं राहता येत नाही. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा पाव भाग, यातलं जे कमी असेल तेवढीच सूट.

वजनाला यात एकही गुण नाही, हेही बघून ठेव.

दादांबद्दल मला कळवळा वाटत नाही. विश्वास ठेवणारा ट्रेनर डबा हातात देतो, शक्यतो सीलबंद. पिशवीत मोजून, आठवड्याच्या आठवड्याला, सोमवारी सातशे घेऊन जो देतो तो किरकोळ विक्रेता आहे. समज, त्यांनी मनापासून साधं व्हे प्रोटीनच दिलं असेल. तरी तोच चमचा ते आणखी किती डब्यांत बुडवतात? जिममध्ये प्री-वर्कआउट असतं, फॅट बर्नर असतो, शेजारच्या बॉडीबिल्डरचं आणखी काही असतं. चमच्याला चिकटून आलेला कणही प्रयोगशाळेला दिसतो. अशा प्रकरणांत मुलगी फसते आणि चमचा धुऊन जागेवर जातो.

तेव्हा एकच काम, आणि ते आजच. पावडर बंद. संध्याकाळी जिममध्ये जायचं आणि डबा हातात मागायचा. पुढून, मागून, तळाचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी असे फोटो काढायचे. 'संपला', 'घरी राहिला', 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का' यातलं काहीही ऐकू आलं तर तुला उत्तर मिळालं, पाठ फिरवून निघायचं. नवीन डबा आणून देतो म्हणाले तरी नको. डबा मिळाला आणि लेबल स्वच्छ दिसलं तरी पावडर बंदच, कारण त्या डब्यातलंच तुझ्या पिशवीत आलं हे कोण सांगणार?

आणि घरी उरलेली पावडर रागाच्या भरात बेसिनमध्ये ओतू नकोस. पिशवी आहे तशी बंद कर, वर तारीख लिही, दुसऱ्या पिशवीत घालून कपाटात ठेव. दादांचे व्हॉट्सॲप मेसेज आणि सोमवारच्या सातशे रुपयांचे स्क्रीनशॉट पुसू नकोस. उद्या काही झालं तर तुझ्या बाजूनं बोलणारं एवढंच असेल. 'किती दिवसांत अंगातून निघून जाईल' हे मला विचारू नकोस. काही स्टेरॉइडचे अंश महिनोन्महिने सापडतात, आणि तो हिशेब करत खेळणारीला सल्ला द्यायला मी बसलेली नाही. डॉक्टरांना दाखवून होईपर्यंत स्पर्धेत उतरू नकोस. एखादा महिना बाकावर बसलीस तर करिअर संपत नाही.

पुढे कधी पावडर घ्यावीशी वाटलीच तर डब्यावर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट'चा, म्हणजे बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासल्याचा, शिक्का बघायचा आणि त्यांच्या संकेतस्थळावर आपलाच बॅच नंबर आहे का ते तपासायचं. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर म्हणजे खाद्यपदार्थ विकायचा परवाना. त्यात बंदी असलेलं काही नाही याची हमी तो देत नाही. सर्दी-खोकल्यातही हीच सवय लाव. आपल्याकडच्या कित्येक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदीच्या यादीत आहे. मेडिकलवाल्याला सांगून भागत नाही, बाटली उलटी करून स्वतः वाचायची.

खरं तर तुला पावडरीची गरजच नाही. ६५ किलोच्या खेळाडूला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सोया चंक्स (कोरडे मोजायचे) २६, दोन वाट्या वरण १२, मूठभर फुटाणे १०, पाच पोळ्या १५. झाले १०३. अंडी चालत नसतील तर तिथं सव्वाशे ग्रॅम पनीर घे. आठवड्याचा खर्च काढ, तुझ्या सातशेत बराचसा बसेल.

राहिलं पोस्टमधलं ढकलणं. तुझे सर बरोबर बोलताहेत, पण ते वजनापेक्षा कंबरेच्या उंचीचं दुखणं आहे. ५ फूट १०च्या मुली बहुधा सरळ उभ्या राहून बॉक्स आउट करतात, म्हणजे रिबाउंडसाठी समोरच्या संघातल्या मुलीला पाठीनं अडवतात. शॉट सुटला की तुझी नजर बॉलवर जाते आणि मागची तुला पाठीत रेटते, हो ना? आधी मागे वळून माणूस शोधायचा, मग पाय खांद्यांपेक्षा रुंद टाकायचे, आणि बूड इतकं खाली की ते तिच्या मांडीला लागलं पाहिजे. अंगाला अंग लागल्याशिवाय वर बघायचंच नाही. जोडीला आठवड्यातून दोनदा स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, पाच-पाचचे चार सेट, शेवटच्या सेटनंतरही आणखी दोनदा उचलता येईल एवढंच वजन. दोन महिन्यांत तुला हलवणं अवघड होईल, काटा ६४ दाखवो की ६५.

बाबा. मुलींच्या बास्केटबॉलला कोण पैसे देतं या प्रश्नाचं उत्तर त्यांना तोंडी देऊ नकोस, रेल्वेची जुनी जाहिरात प्रिंट काढून हातात दे. वेतनश्रेणी वाचू देत. शिक्षणाचे १० गुण दाखव आणि बी.कॉम. पूर्ण करते म्हणून सांग, ते तुला करायचंच आहे. बँकेच्या परीक्षेचा हट्ट चुकीचा आहे हे मलाही मान्य, पण तो वाद महिनाभर थांबला तरी चालेल. मैत्रिणीच्या रूमवर जायचा विचार डोक्यातून काढ. तिथं अंडी उकडून कोण देणार?

आज जिममधून आलीस की फोटो काढले असतील तर फोटो, नसतील तर ती पिशवी, बाबांच्या समोर ठेव. ओरडतील. ओरडू देत. आणि सोमवारी सातशे रुपये पाठवू नकोस.