पडद्यावरची साक्ष कानापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न: चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत आम्ही तीन-चार मिनिटांच्या साक्षीचे, म्हणजे कुणी स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगतं त्याचे, व्हिडिओ दाखवतो. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून केबल थेट साउंड मिक्सरला जोडली आहे. मागचं संगीत खणखणीत ऐकू येतं, बोलणाऱ्याचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. तोच व्हिडिओ मोबाइलवर व्यवस्थित वाजतो. शिवाय घोंघाट आहेच. (वाचक, श्रीरामपूर)

उत्तर: व्हिडिओ ठीक आहे, घोळ केबलचा आहे. तुमच्या केबलच्या एका टोकाला स्टिरिओ जॅक (डावा आणि उजवा आवाज दोन वेगळ्या तारांवर) आणि दुसऱ्या टोकाला एकच एक्सएलआर (माइकच्या केबलचा तीन पिनांचा प्लग) असणार. मिक्सरचं माइक इनपुट दोन तारांवरच्या सिग्नलमधला फरक तेवढा घेतं. बोलणं डावी-उजवीकडे अगदी सारखं असतं, म्हणून ते वजाबाकीत उडतं. दोन्हीकडे वेगवेगळं असलेलं संगीत शिल्लक राहतं. इक्वलायझर कितीही फिरवा, उडालेला आवाज परत येत नाही.

3.5 मिमी स्टिरिओ जॅकमधून दोन वेगळे मोनो पाव इंची जॅक निघणारी केबल घ्या आणि ती मिक्सरच्या स्टिरिओ लाइन इनपुटला लावा. मिक्सर दूर असेल तर लॅपटॉपशेजारी स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा सिग्नल लांब केबलवरून माइक इनपुटला नेण्याजोगा करणारी डबी) ठेवून तिथून दोन एक्सएलआर केबल न्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधला आवाज 100 टक्क्यांच्या वर चढवू नका, फाटतो. कमी वाटला तर मिक्सरवर वाढवा.

घोंघाटासाठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज लगेच थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. काही ठिकाणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घोंघाट जातो, पण माइक हातात धरणाऱ्याला झटका बसू शकतो. हे अजिबात करू नका.

प्रश्न: प्रोजेक्टर जोडला की आवाज बंद! (वाचक, मिरज)

उत्तर: एचडीएमआय लावताच विंडोज आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावरून पुन्हा हेडफोन किंवा लॅपटॉपचं आउटपुट निवडा. हे प्रोजेक्टर सुरू झाल्यावरच करा, आधी करून उपयोग नाही.

प्रश्न: लोक घरी मोबाइलवर साक्ष रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. आमच्या दगडी चर्चमध्ये ती नुसती घुमते. ओठ आणि शब्दही जुळत नाहीत. (वाचक, पुणे)

उत्तर: घरच्या रिकाम्या खोलीतला घुमारा आधीच रेकॉर्ड झालेला असतो, त्यावर चर्चचा घुमारा चढतो. पहिला तुमच्या हातात आहे. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा, पंखा बंद करा. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. पदर किंवा मंगळसूत्र त्यावर घासलं की खरखर येते. माइक नसेल तर दुसरा मोबाइल व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून चौकटीबाहेर, तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये तिच्यावरून चित्र आणि आवाज जुळवता येतात. फाइल व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ती दाबून लहान केली जाते आणि दर्जा उतरतो.

एडिटिंगमध्ये आवाजातला 100 हर्ट्झखालचा, म्हणजे खोल घरघरीचा, भाग कापा. आवाज सरासरी −16 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि सर्वोच्च टोक −1 डीबीपर्यंत (डेसिबल) ठेवा, म्हणजे एक साक्ष कुजबुजली आणि दुसरी किंचाळली असं होणार नाही. मागचं संगीत बोलण्यापेक्षा निदान 18 ते 20 डीबी खाली हवं. खरं तर दगडी चर्चमध्ये ते काढूनच टाका. साक्षीला करुण सुरावटीचा टेकू कशाला?

ओठांचा फरक सुरुवातीपासून तेवढाच राहत असेल तर ब्लूटूथ स्पीकर किंवा प्रोजेक्टरचा विलंब असतो. ब्लूटूथ काढून वायर लावा. फरक मिनिटागणिक वाढत असेल तर मोबाइलने फ्रेमचा वेग कमी-जास्त ठेवलेला असतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल सेकंदाला 30 फ्रेम, स्थिर वेग निवडून पुन्हा काढा.

प्रश्न: उपासना यूट्यूबवर थेट जाते. साक्षही जाऊ द्यावी का? (वाचक, ठाणे)

उत्तर: मंडळीसमोर बोलायला दिलेला होकार यूट्यूबसाठी धरू नका. दोन्हींची परवानगी वेगवेगळी, लेखी घ्या. व्यसन, आजार किंवा घरातल्या मारहाणीची साक्ष असेल तर त्यात नवरा, मुलं, सासर यांचाही उल्लेख येतो आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. अशा वेळी साक्ष सुरू होताच थेट प्रक्षेपणावर स्थिर चित्र लावा आणि त्याचा आवाजही बंद करा. नुसतं चित्र बदललं की आवाज जातच राहतो.