लांब पल्ल्यावरच्या मोठ्या शिकारीसाठी रायफल आणि नेम कसा तयार करावा?

आधी रायफलवरच्या दुर्बिणीच्या माउंटचे (पकडीचे) स्क्रू तपासा. मग शिकारीला जी गोळी नेणार, तिच्यावरच १०० मीटरला झिरो करा, म्हणजे गोळी जिथे लागते तिथेच दुर्बिणीचा नेम जुळवा. काडतूस बदललं की मारा सरकतो. थंड नळीतली पहिली गोळी कुठे बसते, ते वेगवेगळ्या दिवशी वहीत टिपा. जनावर दुसरीची वाट बघत नाही!

बाकावर टेकवून १०० मीटरला ३ सेंमीचा गट (गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा) आला म्हणून हुरळू नका. तोच ३०० ला ९ सेंमी होतो, वारा आणि धाप वेगळीच. म्हणून चढ चढून या, सॅकवर रायफल टेकवा आणि लगेच मारा. हरणाचा मर्मभाग जेमतेम २०-२५ सेंमी. तेवढ्या ताटलीत प्रत्येक गोळी बसते ते अंतर तुमचं. त्यापुढे घोडा ओढू नका, जवळ सरका.